रन टाइमला जोडलेला मेनू आयटम: क्लिक कुणावर झाला, हे हँडलरला कसं कळणार?

प्रश्न थोडक्यात असा: विनफॉर्म्समधलं (विंडोजच्या खिडक्या-बटणांसाठीच्या डॉटनेट लायब्ररीतलं) सी-शार्पचं ॲप्लिकेशन, डेटाबेसमधून येणारी रिपोर्टची यादी, आणि ‘रिपोर्ट’ या मेनूखाली प्रत्येक रिपोर्टसाठी लूपमध्ये तयार केलेला एक आयटम. आयटम दिसतात, नावंही बरोबर आहेत, पण कशावरही क्लिक केलं तरी यादीतला शेवटचाच रिपोर्ट उघडतो. शिवाय ‘यादी ताजी करा’ हे बटण दोन-तीनदा दाबलं की त्याच मेनूत कायम असलेला ‘सगळे रिपोर्ट’ हा आयटम एका क्लिकमध्ये तीन-चार खिडक्या उघडतो. विचारणाऱ्यांना अशा डायनॅमिक, म्हणजे ॲप्लिकेशन चालू असताना (रन टाइमला) तयार होणाऱ्या, आयटमला क्लिक हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारी मेथड) जोडायची योग्य पद्धत हवी आहे.

जोडणं तुम्हाला जमलेलंच आहे. नवा टूलस्ट्रिप मेनू आयटम करायचा, त्याला टेक्स्ट द्यायचं, क्लिक इव्हेंटला += करून हँडलर लावायचा आणि मूळ आयटमच्या ड्रॉपडाउन आयटम्समध्ये ॲड करायचा. यापलीकडे त्यात काही नाही. अडतंय ते दुसरीकडे. डिझायनरमध्ये हाताने ठेवलेल्या आयटमचा हँडलर त्या एकाच आयटमसाठी लिहिलेला असतो, त्यामुळे ‘मी कुणासाठी चाललोय’ हा प्रश्न त्याला कधी पडत नाही. रन टाइमला वीस आयटम केले की हँडलरचा कोड एकच आणि धनी वीस. मग दोन गोष्टी आपल्याला स्वतः सांभाळाव्या लागतात: हँडलरला आपला रिपोर्ट कुठून कळणार, आणि तो हँडलर एकूण किती वेळा जोडला गेला. तुमची पहिली तक्रार पहिल्या गोष्टीची, दुसरी दुसरीची. कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकच उपाय शोधू नका.

तुम्ही कोड दिलेला नाही, पण लक्षणावरून तो कसा असेल याचा बराच अंदाज येतो. लूपमधला आय (फेऱ्या मोजणारं व्हेरिएबल) लॅम्बडाच्या (जागेवरच लिहिलेल्या बिननावाच्या मेथडच्या) आत वापरून यादीतला आयवा रिपोर्ट उघडायला सांगितला असता, तर शेवटचा रिपोर्ट उघडला नसता. लूप संपताना आयची किंमत यादीच्या लांबीइतकी झालेली असते, म्हणजे शेवटच्या जागेच्याही एक पुढे. तिथे इंडेक्स मर्यादेबाहेर गेल्याचं एक्सेप्शन आलं असतं. तुमच्याकडे एक्सेप्शन न येता शेवटचा रिपोर्ट येतो, याचा अर्थ चालू रिपोर्ट ठेवणारं व्हेरिएबल लूपच्या बाहेर जाहीर केलंय आणि प्रत्येक फेरीत त्यातच नवी किंमत घातली जाते. किंवा तुम्ही फोरईच वापरताय, पण कंपायलर फार जुना आहे.

घोळ होतो तो असा. लॅम्बडा व्हेरिएबलमधली किंमत सोबत घेऊन जात नाही, तो व्हेरिएबललाच धरून ठेवतो. वीस जणांच्या हातात वीस चिठ्ठ्या देण्याऐवजी सगळ्यांना एकाच फळ्याकडे बोट दाखवून ‘वेळ आली की तिथे वाचा’ असं सांगण्यासारखं हे आहे. तुमचा लूप फळा पुसून पुसून नवं नाव लिहीत गेला, आणि वापरणाऱ्याने क्लिक केलं तेव्हा फळ्यावर शेवटचं नाव उरलं होतं. हँडलर वीस लागलेत, पण सगळ्यांची नजर एकाच जागी.

फोरईचच्या बाबतीत सी-शार्प ५ पासून, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ पासून, भाषेने हा नियमच बदलला. प्रत्येक फेरीला स्वतंत्र व्हेरिएबल मिळतं, त्यामुळे तिथे हा सापळा उरला नाही. साध्या फॉर लूपला मात्र ती सवलत नाही, तिथे आय आजही सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच असतो. पुष्कळ जण फोरईचमध्ये बिनधास्त लिहितात, मग कधीतरी अनुक्रमांक हवा म्हणून फोरईचचा फॉर करतात, आणि काल चालणारा मेनू आज बिघडतो.

सगळ्यात छोटी दुरुस्ती म्हणजे लूपच्या आत नवं लोकल व्हेरिएबल जाहीर करा आणि लॅम्बडात तेच वापरा. एका ओळीत काम होतं. मी स्वतः मात्र मेनूसाठी बहुतेक वेळा लॅम्बडा वापरत नाही. प्रत्येक आयटमच्या टॅग प्रॉपर्टीत त्याचा डेटा ठेवतो आणि सगळ्या आयटमना एकच नाव असलेली मेथड जोडतो. हँडलरला पहिलं पॅरामीटर म्हणून सेंडर मिळतो. त्याला टूलस्ट्रिप मेनू आयटममध्ये कास्ट करायचं, टॅग वाचायचा आणि पुढे जायचं. डिबगरमध्ये थांबलं की टॅगमध्ये काय आहे ते समोर दिसतं, सगळ्या मेनूसाठी ब्रेकपॉइंट एकाच जागी ठेवता येतो, आणि जोडलेला हँडलर कधी काढायची वेळ आली तर -= करायला हाताशी नाव असतं.

टॅगला उणी बाजूही आहे. त्याचा टाइप ऑब्जेक्ट असल्यामुळे त्यात काहीही घातलं तरी कंपायलर तक्रार करत नाही. एका आयटमसोबत दोन-तीन गोष्टी न्यायच्या असतील, तर टूलस्ट्रिप मेनू आयटमवरून स्वतःचा क्लास काढून त्यात हव्या त्या प्रॉपर्टी ठेवणं जास्त स्वच्छ. आणि पाच-सहा आयटमचं छोटं टूल असेल तर लॅम्बडाच ठेवा, उगाच क्लास काढायला जाऊ नका.

टॅगमध्ये अख्खं रिपोर्ट ऑब्जेक्ट ठेवायचं की फक्त त्याचा आयडी, हे तुमच्या यादीवर अवलंबून आहे. यादी एकदा वाचली आणि ॲप्लिकेशन बंद होईपर्यंत तीच राहिली, तर ऑब्जेक्ट ठेवायला हरकत नाही. तुमच्याकडे यादी ताजी होते, म्हणजे जुनी ऑब्जेक्ट जाऊन नवी येतात. अशा ठिकाणी मी आयडी ठेवतो आणि क्लिकच्या क्षणी तो सध्याच्या यादीत शोधतो. मधल्या काळात कुणी तो रिपोर्ट काढून टाकला असेल तर शोध रिकामा येतो, आणि वापरणाऱ्याला तसं सांगता येतं. ऑब्जेक्ट धरून ठेवलं असतं तर मेनूने काढून टाकलेला रिपोर्टही खुशाल उघडायचा प्रयत्न केला असता.

एक मात्र करू नका. आयटमच्या टेक्स्टवरून रिपोर्ट ओळखू नका. हे मी अनुभवाने सांगतोय. एका जुन्या प्रकल्पात आम्ही टेक्स्ट हीच ओळख मानली होती. एका दस्तऐवजाचं नाव ‘जमा&खर्च’ असं होतं आणि मेनूत ते ‘जमाखर्च’ दिसायचं, कारण विनफॉर्म्समध्ये & या चिन्हाचा अर्थ ‘पुढचं अक्षर कीबोर्डसाठी अधोरेखित कर’ असा होतो. त्यावर उतारा म्हणजे & दोनदा लिहिणं. एका सहकाऱ्याने तसं केलं, मेनूत नाव नीट दिसायला लागलं, आणि त्याच दिवसापासून तो दस्तऐवज उघडेना. टेक्स्टमध्ये आता दोन & होते आणि यादीतल्या नावात एकच. पुढे लांब नावांना शेवटी तीन टिंबं लावून ती आखूड करायची सूचना आली तेव्हा सारख्या सुरुवातीची दोन नावं एकच झाली, आणि मग आम्ही निमूटपणे आयडीकडे वळलो. टेक्स्ट डोळ्यांसाठी आहे. ते बदलणार, भाषांतरित होणार, कापलं जाणार. अनुक्रमांकावरून ओळखण्याचंही तसंच: मध्ये एक सेपरेटर (गट वेगळे करणारी रेघ) आला की सगळं एका घराने सरकतं.

आता दुसरी तक्रार. लूपमधले आयटम प्रत्येक वेळी नवे तयार होतात, त्यामुळे त्यांना हँडलर एकदाच लागतो. तीन-चार खिडक्या उघडणारा आयटम कायमचा आहे, हीच इथली खूण. मेनू भरणाऱ्या मेथडमध्येच, ताजं करताना, त्या कायमच्या आयटमच्या क्लिकलाही += होत असणार. += म्हणजे ‘हा हँडलर ठेव’ असं नसून ‘आणखी एक हँडलर घाल’ असं असतं. तोच हँडलर आधीपासून आहे का, हे इव्हेंट तपासत नाही. सुरुवातीला एकदा आणि ताजं करताना तीनदा जोडला तर तो चार वेळा चालतो. फॉर्म लोड होताना आणि बटण दाबल्यावर एकच मेथड बोलावली, तर असं हमखास होतं.

इथे काही जण आधी -= आणि मग += लिहितात. मेथडला नाव असेल तर ते चालतं. लॅम्बडा असेल तर चालत नाही: -= च्या ओळीत हुबेहूब तोच मजकूर टंकला तरी तो जोडलेला लॅम्बडा ठरत नाही, आधीचा जागेवरच राहतो, आणि कंपायलरही गप्प बसतो. मला विचाराल तर -= += ही जोडी दिसली की जोडणी चुकीच्या ठिकाणी होते आहे असं समजावं. कायमच्या आयटमचे हँडलर कन्स्ट्रक्टरमध्ये किंवा डिझायनरमध्ये एकदाच जोडा. ताजं करणाऱ्या मेथडने फक्त तात्पुरत्या आयटमना हात लावावा.

तात्पुरते कोणते आणि कायमचे कोणते, हे त्या मेथडला कळायला हवं. टॅगमध्ये आपल्या टाइपची वस्तू असेल तर ते सोपं होतं: ज्यांच्या टॅगमध्ये रिपोर्टचा आयडी आहे तेवढे काढायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. नवे कुठे घालायचे ते ‘तिसऱ्या जागी’ असं आकड्याने लिहू नका. एक सेपरेटर खुणेला ठेवा, त्याची जागा विचारा आणि त्यापुढे इन्सर्ट करत जा. सेपरेटरवरून आठवलं: ड्रॉपडाउन आयटम्समध्ये सेपरेटरही असतात आणि ते मेनू आयटम नसतात. फोरईचमध्ये थेट टूलस्ट्रिप मेनू आयटम असा टाइप लिहिला की पहिल्याच सेपरेटरपाशी कास्टचं एक्सेप्शन येतं. ऑफटाइपने (हव्या त्या टाइपचेच घटक देणाऱ्या मेथडने) गाळून घ्या.

काढताना नुसतं रिमूव्ह किंवा क्लिअर पुरत नाही. क्लिअरने आयटम मेनूतून जातात, पण डिस्पोज होत नाहीत, म्हणजे त्यांनी धरलेली संसाधनं लगेच सुटत नाहीत. दिवसभर उघड्या राहणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये, विशेषतः आयटमना उपमेनू असतील तर, डिस्पोज केलेलं बरं. त्यातही खोच आहे: आयटम डिस्पोज केला की तो स्वतःच आपल्या मेनूच्या यादीतून निघून जातो. म्हणजे फोरईच चालू असताना एकेक आयटम डिस्पोज करत गेलात तर ‘यादी मध्येच बदलली’ असं एक्सेप्शन मिळतं. शेवटून पुढे येणारा फॉर लूप लावा, किंवा आधी ॲरेमध्ये प्रत काढून त्या प्रतीवरून फिरा.

आणखी एक वेळ सांभाळायची. अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या मेनूत हे नेहमी होतं: क्लिक झालं, फाइल उघडली, फाइल यादीत सगळ्यात वर गेली, म्हणून मेनू पुन्हा भरला, म्हणजे ज्याचा क्लिक हँडलर अजून संपलेला नाही तोच आयटम डिस्पोज झाला. कधी काही होत नाही, कधी हँडलर संपता संपता एक्सेप्शन येतं. माणूस बसलेल्या खुर्चीलाच ओढण्यातला प्रकार. पुन्हा भरायचं काम फॉर्मच्या बिगिनइन्व्होकने थोडं पुढे ढकला, किंवा मी करतो तसं करा: यादी बदलली तरी मेनूला लगेच हात लावायचा नाही, तो उघडताना भरायचा.

गेली कित्येक वर्षं मी हीच पद्धत वापरतो. मूळ आयटमचा ड्रॉपडाउन ओपनिंग हा इव्हेंट घ्यायचा, त्यात जुने तात्पुरते आयटम काढायचे आणि सध्याच्या यादीवरून नवे घालायचे. माझ्या लेखी मेनू म्हणजे यादी नव्हे, यादीचा त्या क्षणीचा फोटो. यादी एका जागी, साध्या लिस्टमध्ये असते. ती कुणी, कधी, किती वेळा बदलली याच्याशी मेनूला कर्तव्य नाही. ‘ताजं करा’ने फक्त लिस्ट बदलायची. तुमची दुसरी तक्रार अशा रचनेत उद्भवलीच नसती.

मात्र ही पद्धत डोळे मिटून उचलू नका. यादी डेटाबेसमधून येते म्हणून ओपनिंगमध्येच क्वेरी टाकलीत, तर नेटवर्क मंद असताना मेनू उघडायलाच दोन सेकंद लागतील आणि तेवढा वेळ खिडकी गोठलेली राहील. क्वेरी आधी, बॅकग्राउंडला. ओपनिंगमध्ये फक्त तयार लिस्टवरून आयटम. दुसरं, ज्या उपमेनूत अजून एकही आयटम नाही त्याच्यापुढे बाणच दिसत नाही, मग तिथे काही उघडतं हे वापरणाऱ्याला कळणार कसं? ‘रिपोर्ट नाहीत’ असा एक निष्क्रिय आयटम सुरुवातीपासून ठेवा, रिकाम्या यादीच्या वेळीही तोच उपयोगी पडतो. उजव्या क्लिकचा कॉन्टेक्स्ट मेनू असाच भरत असाल तर त्याच्या ओपनिंग इव्हेंटमधला कॅन्सल तपासा: मेनू रिकामा असेल तर तो आधीच ट्रू असतो, आणि आयटम घातल्यावर तुम्ही फॉल्स केला नाहीत तर पहिला उजवा क्लिक फुकट जातो. तिसरं, शॉर्टकट. आयटमला शॉर्टकट की दिली असली तरी तो आयटम मेनूत असेपर्यंतच ती चालते. उघडताना भरणाऱ्या मेनूत, मेनू एकदा उघडेपर्यंत शॉर्टकट मुकेच राहतात. ते हवे असतील तर भरणारी मेथड ॲप्लिकेशन सुरू होतानाही एकदा बोलवा.

यादी बॅकग्राउंड थ्रेडवर येत असेल तर मेनूला तिथून हात लावू नका. फॉर्मवरच्या बटणाला इन्व्होक (काम खिडकी सांभाळणाऱ्या यूआय थ्रेडवर पाठवणारी मेथड) असतो, मेनू आयटमला नसतो, कारण तो कंट्रोल नव्हेच. फॉर्मचा किंवा मेनू स्ट्रिपचा इन्व्होक वापरा. असिंक-अवेट वापरत असाल आणि सुरुवात यूआय थ्रेडवरून असेल, तर अवेटनंतरचा कोड आपोआप तिथेच परत येतो.

‘प्रत्येक आयटमला हँडलर लावण्यापेक्षा मूळ आयटमचा ड्रॉपडाउन आयटम क्लिक्ड हा एकच इव्हेंट का घेऊ नये?’ असंही विचारलं जातं. घ्या, वाईट नाही. फक्त तो थेट मुलांपुरता असतो, नातवंडांच्या क्लिकची खबर त्याला लागत नाही. शिवाय माझ्या अनुभवात तो मेनू मिटण्याआधी येतो. त्यात मोडल डायलॉग उघडलात तर डायलॉगच्या मागे मेनू तसाच लोंबकळत राहतो.

एकच आयटम दोन मेनूंत दाखवायचा मोहही होतो, मुख्य मेनूत आणि उजव्या क्लिकच्या मेनूत. तसं होत नाही. दुसऱ्या मेनूत ॲड करताच तो पहिल्यातून गुपचूप निघून जातो. दोन आयटम करा, टॅग आणि हँडलर तेच द्या.

विनफॉर्म्सच्या बाहेर गेलात तरी मूळ प्रश्न हाच राहतो, रूप बदलतं. विंडोजच्या मूळ एपीआयमध्ये मेनूवरच्या क्लिकचा निरोप म्हणून सहसा फक्त १६ बिटांचा एक आकडा येतो. म्हणून तिथे डायनॅमिक आयटमसाठी आकड्यांची एक पट्टी राखून ठेवतात आणि आकड्यावरून वस्तू शोधतात. एमएफसीत (मायक्रोसॉफ्टच्या सी++ लायब्ररीत) अलीकडच्या फाइलींसाठी असे १६ आकडे ठरलेले आहेत. म्हणजे आयडी ठेवून शोधण्याची युक्ती टॅगपेक्षा जुनी. डब्ल्यूपीएफ या डॉटनेटच्याच दुसऱ्या यूआय लायब्ररीत लूप लिहायचीच गरज नसते: यादी आयटम्ससोर्सला बांधा, एक कमांड द्या, आयडी कमांड पॅरामीटरमधून येऊ द्या. तिथे & ऐवजी अंडरस्कोर नावं खातो, एवढं लक्षात असू द्या. क्यूटी या सी++ यूआय लायब्ररीत क्यूॲक्शनच्या सेटडेटाला टॅगच समजा आणि अबाउट टू शो या सिग्नलला ओपनिंग. जावामध्ये बदलत जाणारं व्हेरिएबल लॅम्बडात घेतलं तर कंपायलरच अडवतो, त्यामुळे तुमची पहिली तक्रार तिथे जन्मालाच येत नाही.

पायथनमध्ये मात्र ती हुबेहूब भेटते आणि वर एक गाठ जास्त असते. तिथला रूढ उपाय म्हणजे लॅम्बडाला डिफॉल्ट पॅरामीटर देऊन किंमत तिथल्या तिथे पकडणं. टीकेइंटर या पायथनच्या यूआय लायब्ररीत तो छान चालतो. पायक्यूटीत, म्हणजे पायथनमधून क्यूटी वापरताना, ट्रिगर्ड सिग्नल स्वतःहून ‘चेक्ड’ नावाची ट्रू-फॉल्स किंमत पाठवतो, ती तुमच्या डिफॉल्टच्या जागी जाऊन बसते, आणि रिपोर्टऐवजी हँडलरच्या हातात फॉल्स येतो. पहिलं पॅरामीटर चेक्डसाठी सोडून दुसऱ्यात आपली किंमत ठेवली की सुटतं.

दुरुस्ती झाल्यावर मी अशी तपासणी करतो. यादीत एकाच नावाचे दोन रिपोर्ट घाला, एकाच्या नावात & टाका, आणि एक असा ठेवा की मेनू उघडा असतानाच तो डेटाबेसमधून काढता येईल. ‘ताजं करा’ पाच वेळा दाबा, मग ‘सगळे रिपोर्ट’वर क्लिक करून उघडलेल्या खिडक्या मोजा. त्यानंतर पहिला, मधला आणि शेवटचा आयटम उघडून बघा, सारख्या नावाचे दोन्हीही. कुठे अडलात तर मेनू भरणारी ती एक मेथड, लूपच्या दोन ओळी आधीपासून, इथे टाका. व्हेरिएबल कुठे जाहीर झालंय ते त्या दोन ओळींतच असतं.